पवनारला पस्तीस मिनिटं

"अहो, पण वर्ध्यात वर्धा नदी कुठं आहे?"

मागच्या सीटवरून एका काकूंनी विचारलं आणि आमचा गाइड गप्प झाला. पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा, चुणचुणीत. सेवाग्रामची माहिती त्यानं घडाघडा सांगितली होती. बापू ३० एप्रिल १९३६ ला शेगावात आले, डाकेत शेगावच्या नावाचा घोळ व्हायला लागला म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं, सगळं तोंडपाठ. या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याला कुणी पाठ करून दिलं नव्हतं. "नदी तिकडे आहे, पुलगावकडे," असं म्हणून त्यानं पुढच्या ठिकाणाचं नाव पुकारलं.

गाडी होती सतरा सीटची. बायकोची मोठी मावशी पुण्याहून मैत्रिणींसोबत विदर्भ बघायला आलेली. नागपूर, रामटेक झालं आणि तिसऱ्या दिवशी 'एक दिवसात वर्धा'. गाडीत एक जागा रिकामी होती, म्हणून सेवाग्रामपासून मीही चढलो. आपलाच जिल्हा दुसऱ्याच्या गाडीत बसून बघायचा योग पहिल्यांदाच आला. त्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही, आणि आजचं सदर त्या रागातूनच लिहितोय.

काकूंचा प्रश्न बिनचूक होता. वर्धा शहरात वर्धा नदी नाही. ती जिल्ह्याच्या पश्चिम शिवेवरून वाहते आणि तिच्या पलीकडे अमरावती, यवतमाळ लागतं. आमचं शहर माळावर वसवलेलं आहे. १८६२ साली नागपुरातून जिल्हा वेगळा काढला तेव्हा कचेरी पुलगावजवळ कवठ्याला होती. १८६६ मध्ये ती इकडे आली आणि पालकवाडी नावाचं खेडं मोडून त्या जागी आखीव रस्त्यांचं शहर उभं राहिलं. रेल्वे येत होती, कापूस जायचा होता. साहेबाच्या कामाला रूळ पुरेसा होता, काठ कशाला हवा? म्हणून वर्ध्याला स्टेशन आहे, बाजार आहे आणि घाट नाही.

पण याच मुलुखात पाण्याच्या काठी वसलेलं एक शहर होतं. वर्ध्याच्या चौदाशे वर्षं आधीचं. त्याचं नाव आज पवनार आणि त्याची नदी धाम. वर्धेकर जे पाणी पितो ते याच नदीचं, येळाकेळी आणि पवनारहून उचललेलं. दुपारी जेवताना त्या काकूंनी ज्या पेल्यातलं पाणी घेतलं, त्यात त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं. सांगायला हवं होतं. मीही तेव्हा बोललो नाही, कारण मला वाटलं, पुढचा मुक्काम पवनारच आहे, तिथं नदीच उत्तर देईल.

चार वाजता गाडी पवनारला थांबली. गाइड म्हणाला, "पस्तीस मिनिटं. विनोबाजींचा आश्रम, समोर नदी. फोटो काढून घ्या. चार पस्तीसला गाडी हलेल."

चपला काढण्यात पाच मिनिटं गेली. आश्रमात शिरताना गाइडनं सांगितलं, इथं विनोबाजी राहिले, इथंच गेले, आता बहिणी राहतात. बास. मंडळींनी विनोबांच्या खोलीपुढं हात जोडले, कठड्याशी उभं राहून नदीसोबत फोटो घेतले. मावशी एकट्याच पायऱ्यांच्या दिशेनं निघाल्या होत्या. गुडघ्यांचं दुखणं, एक पायरी उतरली की थांबायचं. चार-पाच पायऱ्या झाल्या असतील आणि वरून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्या वळल्या. "चला जावईबापू," म्हणाल्या, "लोक खोळंबलेत."

पाण्याला हात न लावता त्या परत चढल्या.

त्या पोराला मी दोष देत नाही आणि ड्रायव्हरलाही नाही. त्यांच्या हातात कागद दिलेला असतो. मी दोष देतोय त्या कागदाला. सेवाग्राम दोन तास, गीताई मंदिर आणि विश्वशांती स्तूप मिळून तास, जेवण, मगन संग्रहालय धावत, गोरसपाकाच्या खरेदीला चाळीस मिनिटं आणि पवनारला पस्तीस. गोरसपाक मलाही प्रिय आहे, वर्ध्याहून तो न घेता कुणी जाऊ नये. पण बिस्किटाला चाळीस आणि राजधानीला पस्तीस, हा हिशेब कुणी मांडला?

हो, राजधानी. शब्द जपून वापरतोय.

पाचव्या शतकात विदर्भावर वाकाटकांचं राज्य होतं. राजा दुसरा प्रवरसेन. त्याची आई प्रभावतीगुप्ता, म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नवरा गेल्यावर मुलं लहान असताना तिनं स्वतः राज्यकारभार पाहिला. या प्रवरसेनानं जुनी राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन, सोडून स्वतःच्या नावाची नवी नगरी वसवली, प्रवरपूर. ताम्रपटांत हे नाव पुन्हा पुन्हा येतं. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ताम्रपटांतली गावं, नद्या, दिशा जुळवून सांगितलं की प्रवरपूर म्हणजे आपलं पवनार. १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे इथं उत्खनन केलं आणि पुढच्याच वर्षी त्याचा अहवाल आला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रामटेकजवळ मनसरला पुढं मोठं उत्खनन झालं, तिथं प्रवरेश्वराच्या नावाच्या मुद्रा मिळाल्या आणि प्रवरपूर तेच, असं काही अभ्यासक म्हणू लागले. वाद मिटलेला नाही. मिटेल तेव्हा मिटेल. पण पवनार ही वाकाटककाळातली मोठी वस्ती होती आणि तिथं देऊळ होतं, हे सांगायला कुठल्या वादाचा निकाल लागायची गरज नाही. दगड समोर आहेत. नंतरच्या काळातही हे गाव लहान झालं नाही. अकबराच्या वेळच्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांची नावं आहेत, त्यांत पवनार आहे. म्हणजे हजार वर्षांनंतरही या काठावरून एका मुलखाचा कारभार चालत होता. किल्ल्याचे अवशेष गावात आजही दिसतात.

गाडी जुन्या गावाकडं वळलीच नाही. आश्रम नदीच्या एका काठाला, जुनं गाव दुसऱ्या काठाला, मध्ये पूल. पूल ओलांडून जायला पाच मिनिटं लागतात.

आमच्याकडं शेताची ती 'काळी' आणि गावाची ती 'पांढरी'. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, पुन्हा उठल्या, की तिथली माती राखेनं, चुन्यानं, शेणामातीनं पांढुरकी होते. पवनारची पांढरी उंच आहे. पावसाळा संपल्यावर तिच्या उतारावर पाण्यानं कापलेल्या घळींत डोकावलं की खापरं दिसतात. लाल, काळी, कुठं मडक्याच्या काठाचा तुकडा. एक खापर मी एकदा हातात घेतलं होतं. काठाच्या आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटाची पन्हळ होती. माझं बोट तिच्यात बरोबर बसलं. तुकडा तिथंच ठेवला, कारण तो उचलून न्यायचा नसतो. किती जुना असेल ते मला ठरवता येणार नाही, पण त्या बोटाच्या माणसानं पाणी याच नदीचं भरलं असणार.

आता आश्रमाच्या काठावर येऊ.

मार्च १९३८ मध्ये विनोबा इथं आले तेव्हा त्यांचं वजन अठ्ठ्याऐंशी पौंडांवर आलं होतं. बापू काळजीत होते, कुठंतरी थंड हवेच्या ठिकाणी जा म्हणत होते. विनोबांनी पवनार निवडलं. जमनालाल बजाजांचा टेकाडावरचा बंगला रिकामा होता. धामचा पूल ओलांडताना विनोबांनी मनातली सगळी कामं, सगळ्या काळज्या नदीच्या अलीकडं सोडून दिल्या. धामच्या पार असलेली जागा म्हणून नाव ठेवलं परंधाम. औषध काय घेतलं? कुदळ. आधी रोज थोडा वेळ, मग वाढवत वाढवत तासन्‌तास खोदणं. दहा महिन्यांत वजन चाळीस पौंडांनी वाढलं.

त्या खोदण्यात जमिनीतून मूर्ती निघायला लागल्या.

ही गोष्ट मला फार मोठी वाटते, म्हणून इथं थोडा थांबतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. भक्तीच्या बाराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी लक्ष्मण आणि भरताची तुलना केली. एक रामाजवळ राहून सेवा करतो, दुसरा दूर राहून. राम-भरत भेटतात तेव्हाचं चित्र कुणी काढलं तर किती छान होईल, असंही ते बोलून गेले. सहा वर्षांनी पवनारच्या शेतात जी शिळा निघाली, तिच्यावर त्यांनी तीच भेट पाहिली. त्यांनी तो दगड स्वतःच्या हातांनी स्थापला आणि पुजला. आश्रमाच्या देवळात आज आहे तो हाच भरत-राम.

गीता प्रवचनं घरोघरी आहेत. माझ्या घरात तीन प्रती आहेत, त्यातली एक आजीची, पानं सुटलेली. महाराष्ट्रातून येणाऱ्या दर गाडीत हे पुस्तक वाचलेलं एखादं तरी माणूस असतंच. त्या पुस्तकातली इच्छा जिथं मातीतून उगवली त्या जागी माणसं उभी असतात आणि त्यांना कुणी ते सांगत नाही. मला हा अन्याय वाटतो. शब्द कमी करायची माझी तयारी नाही.

त्या दगडाजवळ जाऊन बघा. आकृती झिजल्यात. नाकाडोळ्यांची रेघ फारशी राहिली नाही. पण शरीरांचं झुकणं शाबूत आहे, आणि कोण कुणाकडं ओढला जातोय ते त्यावरून कळतं. चेहरे गेले तरी ओढ उरली, असा दगड मी दुसरा पाहिलेला नाही. आश्रमात आणखी शिळा आहेत. वाली-सुग्रीवाच्या कथेतले प्रसंग अभ्यासकांनी त्यांत ओळखलेत. आणि एक गंगा आहे, मगरीवर उभी असलेली. उत्तरेतली गंगा धामच्या काठी कशी आली? तर गुप्तांच्या घरची लेक विदर्भात सून होऊन आली, तिच्यासोबत गंगाही आली असं मला वाटतं. हे माझं मत, पुरावा नव्हे. मिराशींचं म्हणणं असं की हे रामाचं देऊळ होतं आणि प्रवरसेनानं ते रामभक्त आईसाठी बांधलं असावं.

हाच प्रवरसेन कवी होता. 'सेतुबंध' नावाचं त्याचं महाकाव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे. विषय, रामानं समुद्रावर बांधलेला पूल. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या दर्जाची मुळं महाराष्ट्री प्राकृतात आहेत आणि त्या भाषेतला हा कवी-राजा आपल्या विदर्भाचा. पुलावर महाकाव्य लिहिणाऱ्याच्या गावात येऊन आपण पूलसुद्धा पायी ओलांडत नाही.

अजून एक धागा आहे, तो मला झोपू देत नाही.

अचलपूरजवळ चम्मक गावी प्रवरसेनाचा ताम्रपट मिळाला. राज्याचं अठरावं वर्ष, हुकूम सुटला प्रवरपुरातून. आठ हजार भूमी एवढं माप असलेलं गाव हजार ब्राह्मणांना दान. दानाला अटी आहेत. राजद्रोह करायचा नाही, चोरी-व्यभिचार करायचा नाही, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही, तोवर जमीन तुमची. मिराशींचं मानलं तर जमीन देण्याचा हा हुकूम या काठावरून निघाला. आणि १२ सप्टेंबर १९५१ ला याच काठावरून विनोबा दिल्लीकडं पायी निघाले, भूमिहीनांसाठी जमीन मागत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदानाचं पहिलं दान मिळालेलं होतं. एकदा राजानं वरून दिली, एकदा फकिरानं दारोदार मागितली. मध्ये दीड हजार वर्षं आणि ही एक नदी. जगातल्या दुसऱ्या कुठल्या शहराकडं अशी जोडी असती, तर त्यांनी ती विमानतळावर लिहून लावली असती.

१७ ऑक्टोबर १९४० ला वैयक्तिक सत्याग्रहाचं पहिलं भाषण विनोबांनी दिलं तेही पवनारलाच. १९५० मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग इथंच सुरू झाला, पैशाशिवाय जगायचा. माणसांनी हातानं रहाट ओढून विहिरीचं पाणी शेताला दिलं. १९५९ च्या मार्चमध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं, स्त्रियांनी मिळून साधना करायचं, एकमतानं निर्णय घेऊन चालवायचं ठिकाण. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या बहिणी तिथं शेतीपासून 'मैत्री' मासिकापर्यंतची कामं स्वतः करत आल्या. त्यांतल्या कुणा एकीजवळ शांतपणे बसायला मिळालं तर माणूस वेगळा होऊन उठतो. पण त्या काही स्टॉलवर उभ्या राहून माहिती देणार नाहीत. त्यांच्याजवळ बसायलाच लागतं, आणि बसायला वेळ लागतो.

परतीच्या वाटेवर मावशी खिडकीतून बाहेर बघत होत्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी इथं लहानपणी आलेय, जावईबापू. बारा फेब्रुवारीला. बाबांचं बोट धरून."

मला हे माहीत नव्हतं. मावशींचं माहेर हिंगणघाटकडचं, एवढंच ठाऊक होतं. १२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींची रक्षा इथं धामच्या पात्रात सोडली गेली, तिथं खडकावर छत्री आहे आणि तेव्हापासून त्या तारखेला इथं सर्वोदय मेळा भरत आला आहे. लोक स्वतः कातलेल्या सुताची गुंडी अर्पण करायला यायचे. गुंडी म्हणजे सहाशे चाळीस तार. मावशींचे वडील शाळामास्तर होते, वर्षभर कातायचे आणि त्यातली चांगल्यातली चांगली गुंडी या दिवसासाठी बाजूला ठेवायचे.

"माझी पण एक असायची," त्या म्हणाल्या. "जाडजूड, गाठीगाठींची. बाबा म्हणायचे, चालेल, बापूंना चालते. मग नदीवर नेऊन पाय धुवायला लावायचे. ते पाणी आज बघायचं होतं."

आणि आम्ही त्यांना हॉर्न वाजवून वर बोलावलं.

म्हणून हे लिहितोय, आणि ज्यांच्याकडून काही होऊ शकतं त्या सगळ्यांना सरळ सांगतोय. दौरे काढणाऱ्यांनो, वर्ध्याचा दिवस पवनारला सुरू करा. संध्याकाळी दमलेली माणसं आणू नका. सूर्य उगवायच्या आधी गाडी जुन्या गावाच्या बाजूला लावा. पांढरी दाखवा, किल्ला दाखवा, मग पूल चालत ओलांडा, नदीत उतरू द्या, आणि शेवटी आश्रमात जाऊन त्या दगडासमोर गप्प बसा. तीन तास द्या. सेवाग्राम दहा वाजता गाठलं तरी दिवस पुरतो. बनारसला माणसं पहाटे चारला उठून होडीत बसतात, कुणी कुरकुर करत नाही, कारण काठावरचं शहर पाण्याच्या बाजूनं आणि सकाळच्या उजेडात बघायचं असतं, हे तिथल्या नावाड्यालाही कळतं.

गाइड पोरांना शिकवा. त्यांची पाठांतराची ताकद मी डोळ्यांनी पाहिली. त्यांना मिराशी सांगा, प्रभावतीगुप्ता सांगा, चम्मकचा ताम्रपट सांगा. आमच्या त्या पोराला मी उतरताना भरत-रामाची गोष्ट सांगितली तर त्यानं तिथल्या तिथं मोबाइलवर लिहून घेतली. "सर, हे कुठंच नाही सांगत कुणी," म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती आणि ती खरी होती.

सेवाग्राम विकास आराखड्यातून धामच्या काठाचं सुशोभीकरण झालं, पायऱ्या झाल्या, बसायला जागा झाली. चांगलंच आहे. पण दगड बसवणं सोपं असतं. काठ जपायचा तर पाणी जपावं लागतं. दरवर्षी गणपती आणि देवी घेऊन मंडळं इथंच येतात. निर्माल्य बाजूला काढणारे स्वयंसेवक रात्री उशिरापर्यंत काठावर उभे असतात, त्यांचे हात दुखतात, आवाज बसतो. त्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागतं, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे. पिण्याचं पाणी तेच आहे. बापूंची रक्षा त्यातच आहे. आणखी काय कारण हवं?

आणि वर्धेकरांनो, आपण स्वतः पवनारला शेवटचं कधी गेलो होतो? पाहुणे आले म्हणून नव्हे, आपले आपण?

दुसऱ्या दिवशी मावशींची मंडळी दुपारच्या गाडीनं पुण्याला जाणार होती. पहाटे पाचला मी स्कूटर काढली आणि मावशींना मागं बसवलं. बायको म्हणाली, गुडघे दुखतील. मावशी म्हणाल्या, दुखू देत.

आम्ही गावाच्या बाजूनं गेलो. अंधार विरळ होत होता. घराघरांतून चुलीचा धूर निघत होता आणि कुणीतरी अंगणात सडा टाकत होतं. पांढरीच्या उतारापाशी मी स्कूटर थांबवली, त्यांना खापरं दाखवली. त्यांनी वाकून एका खापरावरून बोट फिरवलं. मग आम्ही पुलावर आलो. पात्रातला काळा खडक हळूहळू दिसायला लागला, मग पाणी, मग छत्री, मग पलीकडचं आश्रमाचं टेकाड.

घाटावर एक म्हातारेबुवा कपडे धूत होते. मावशींना एकेक पायरी उतरताना बघून ते उठून आले आणि त्यांनी दुसरा हात धरला.

"कुठून आली, माय?"

"पुण्याहून. मूळची हिंगणघाटची."

"मंग घरचीच हाय ना. सावकाश ये. गाडी-बिडीची घाई तं नाई?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "आज नाही."

शेवटच्या पायरीवर त्या बसल्या. पातळ थोडं वर घेतलं आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं, त्यांचे खांदे एकदा आखडले आणि सैल झाले. वर आश्रमात प्रार्थना सुरू झाली होती, शब्द लागत नव्हते, नुसता सूर येत होता. म्हातारेबुवा आपल्या कपड्यांकडं परत गेले. थोड्या वेळानं मावशींनी पिशवीत हात घातला आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. सुताची गुंडी होती, पिवळी पडलेली, जाडजूड, गाठीगाठींची. पुण्याहून निघतानाच त्यांनी ती घेतली होती. आदल्या दिवशीही ती त्याच पिशवीत होती.

ती त्यांनी नदीत सोडली नाही. दोन्ही हातांत धरून पाण्याला लावली, ओली केली, पिळली आणि पुन्हा कागदात गुंडाळून ठेवली.

"नातीला दाखवायची आहे," म्हणाल्या. "बसू या का अजून जरा?"

आम्ही ऊन घाटावर येईपर्यंत बसलो.